गणिताची रोजची उजळणी : पाटी, पडदा आणि शिक्षक

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाकाठचे कुरुंदवाड हे शिरोळ तालुक्यातील जुने संस्थानी गाव. नदीवरचा घाट, सभोवतालचे ऊसमळे आणि पलीकडच्या काठावरील नृसिंहवाडी यांमुळे ते सर्वपरिचित आहे. जून २०१९ मध्ये या परिसरातील जी मुले पहिलीच्या वर्गात दाखल झाली, त्यांच्या प्राथमिक शिक्षणाची पहिली तीन वर्षे मात्र विलक्षण गेली. अंकओळख सुरू होते न होते तोच ऑगस्टमध्ये महापूर आला व अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. पूर ओसरून शाळेची घडी बसते आहे तोवर मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. या मुलांची दुसरी इयत्ता घरीच पार पडली. तिसरीत ती गेली तेव्हा, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा महापूर आला. पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात पुन्हा भरू लागले ते डिसेंबर २०२१ मध्ये, आणि तेही जानेवारीतील काही दिवसांच्या खंडासह.

याचा अर्थ असा की, दोन अंकी बेरीज, हातच्याची वजाबाकी आणि पाढे या तीन गोष्टी ज्या वयात मुलाच्या हाडीमाशी खिळावयाच्या, त्या वयात ही मुले वर्गाबाहेर होती. भाषेचे नुकसान घरातील बोलण्याचालण्याने थोडेबहुत भरून निघते. गणिताचे तसे होत नाही. हातच्याची वजाबाकी ज्याला उमगली नाही त्याचा भागाकार अडतो, भागाकार अडला की अपूर्णांक अडतात, आणि पाचवीतील मूल गणिताच्या तासाला मान खाली घालून बसू लागते.

हा प्रश्न एकट्या शिरोळ तालुक्याचा नाही. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, तिसरीतील ज्या मुलांना हातच्याची वजाबाकी करता येत होती त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २८ टक्के, २०२२ मध्ये सुमारे २६ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ३४ टक्के होते. पाचवीत भागाकार करू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०२४ मध्ये सुमारे ३१ टक्के आढळले. साथीनंतरची भरपाई झाली, किंबहुना साथीपूर्वीच्या पातळीच्याही पुढे मजल गेली, हे समाधानाचे आहे. तथापि तिसरीतील तीन मुलांपैकी दोघांना अजूनही वजाबाकी येत नाही, हे त्याच आकड्यांचे दुसरे वाचन आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात व साधे गुणाकार करता यावेत, असे उद्दिष्ट २०२६-२७ या वर्षापर्यंत ठेवले. त्यासाठी शाळांतून जे अनेक उपाय योजले जात आहेत, त्यांपैकी रोजच्या डिजिटल उजळणीचा विचार येथे करावयाचा आहे.

परवचा आणि उजळणी

‘उजळणी’ हा शब्दच मोठा बोलका आहे. भांडे वापरात राहिले तरी त्याला रोज घासावे लागते, तसे पाठ केलेले पुन्हा पुन्हा उजळावे लागते, ही जाण आपल्या भाषेत फार जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अंक गिरवीत आणि दिवेलागणीला घरी परवचा म्हणत. त्यात बे ते तिसाचे पाढे तर असतच, परंतु पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही असत. शेर-पायलीच्या आणि आणे-पैच्या व्यवहारात त्यांचा रोज उपयोग होई. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली, आणि पावकी-दिडकी मागे पडली. बाजारातील भाषेतून मात्र ती गेलेली नाही. कुरुंदवाडच्या बाजारात आजही वांगी पाव किलो, अर्धा किलो आणि दीड किलो अशीच मागितली जातात.

परवचाच्या पद्धतीतील दोष उघड होते. मुले सूर धरून म्हणत. सातचा पाढा सलग म्हणणारा मुलगा ‘सात आठे किती’ असे मध्येच विचारले की गोंधळे. छडीचा धाक होता तो वेगळाच. आधुनिक शिक्षणशास्त्राने घोकंपट्टीवर टीका केली ती रास्तच होती. परंतु त्या टीकेच्या ओघात घोकंपट्टीबरोबर रोजची उजळणीही वर्गातून हद्दपार झाली, असे अनेक ठिकाणी दिसते. एक घटक शिकवला, चाचणी झाली, पान उलटले. जुलैमध्ये शिकलेली वजाबाकी पुन्हा भेटते ती सत्र परीक्षेत.

नित्य सरावाचे महत्त्व कुरुंदवाडला वेगळे सांगावयास नको. संगीताचे थोर प्रचारक पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ मध्ये याच गावी झाला. गायकाने बंदीश एकदा बसवली म्हणजे रियाज संपला, असे कोणी म्हणत नाही. गणिताला हा न्याय का लागू नसावा?

विसरण्याचा वेग

मनुष्य शिकलेले किती वेगाने विसरतो याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून केला व तो १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत अधिक असतो व पुढे मंदावतो, तसेच अंतराअंतराने केलेला सराव एका बैठकीत केलेल्या सरावापेक्षा अधिक टिकतो, असे त्यांना आढळले. पुढे १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी याच तत्त्वावर पत्त्यांच्या पेटीची सोपी रीत सुचवली. पेटीत कप्पे करावयाचे. ज्या पत्त्यावरील प्रश्नाचे उत्तर बरोबर आले तो पुढच्या कप्प्यात जाईल व उशिरा भेटेल. चुकला तर पहिल्या कप्प्यात परतेल व लवकर भेटेल. आजच्या बहुतेक सराव-ॲपच्या पोटात हीच पेटी दडलेली असते.

आणखी एक निष्कर्ष शिक्षकांच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचावयास दिला, तर दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहावयास सांगितला. पाच मिनिटांनी पाहता वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारा गट पुढे गेला. फळ्यावर सोडवलेले उदाहरण वहीत उतरवून घेताना मुलाला ते समजल्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पाटीवर तेच उदाहरण मांडताना जी ओढाताण होते, तीच खरे शिक्षण घडवते.

यंत्राचा प्रवेश

रोजच्या सरावासाठी यंत्र वापरण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक सूपीझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकातच प्राथमिक शाळेतील मुलांना दूरमुद्रक यंत्रासमोर बसवून, दूरध्वनीच्या तारेने संगणकाशी जोडून, रोज काही मिनिटे अंकगणिताचा सराव देण्याचा उपक्रम चालवला होता. कालच्या उत्तरांवरून आजच्या प्रश्नांची काठिण्यपातळी ठरे. हे सूत्र आजही तेच आहे.

आपल्या शेजारच्या गुजरात राज्यात, वडोदरा येथील महानगरपालिकेच्या शाळांत झालेला प्रयोग आपल्याला अधिक जवळचा आहे. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकासमोर दोन मुले याप्रमाणे, गणिताचे खेळ देण्यात आले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांच्या गणिताच्या गुणांत मोठी वाढ नोंदवलेली आहे. मात्र उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने पाहणी केली, तेव्हा त्या वाढीचा बराच भाग ओसरला होता. या अभ्यासाचा पूर्वार्ध साधने विकणारे आवर्जून सांगतात. खरेदीच्या प्रस्तावावर सही करणाऱ्यांनी उत्तरार्धही वाचावयास हवा.

महाराष्ट्रात टाळेबंदीच्या काळात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्रथम रोजची अभ्यासमाला मोबाईलवरून पाठवली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ हा उपक्रम सुरू केला. पालकाच्या व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला गणित व भाषेचे प्रश्न येत. मुलाने उत्तर दिले की बरोबर-चूक लगेच कळे आणि जेथे चुकले त्या घटकाची चित्रफीत पाहावयास मिळे. त्याआधी २०१७ पासून ‘दीक्षा’ हे व्यासपीठ उपलब्ध झाले होते व पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले होते. क्यूआर कोडचा वर्गात प्रभावी वापर करणारे परितेवाडी, जि. सोलापूर येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, हे सर्वश्रुत आहे. तात्पर्य, सामग्रीची आता वानवा नाही.

उणीव असते ती दुसऱ्याच ठिकाणी. आफ्रिकेतील बोत्स्वाना या देशात टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, हजारो कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही पालकांना दर आठवड्याला मोबाईलवर गणिताचे प्रश्न संदेशाने पाठवले. काहींना संदेशाबरोबर शिक्षकाचा वीसेक मिनिटांचा दूरध्वनीही गेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नुसत्या संदेशांचा परिणाम जवळपास दिसला नाही. जेथे शिक्षकाचा आवाज पोचला तेथे मुलांची प्रगती झाली. मुलाने कोणते उत्तर दिले हे ऐकून पुढचा प्रश्न ठरवणारे कोणीतरी पलीकडे होते, हा तो फरक.

चुकीच्या उत्तराचे वाचन

रोजच्या डिजिटल उजळणीचा खरा लाभ येथे आहे. यंत्र बरोबर उत्तरांची टक्केवारी देते, ती फारशी कामाची नसते. चुकीची उत्तरे जशीच्या तशी समोर ठेवते, ती मोलाची असतात.

५२ मधून २७ वजा करा, हे साधे उदाहरण घ्या. उत्तर २५. एखाद्या मुलाने ३५ लिहिले, तर त्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याला दशक सुटा करणे म्हणजे काय हे समजलेले नाही. त्याला पुन्हा काड्यांचे गठ्ठे हाती दिले पाहिजेत. ज्याने ७९ लिहिले त्याने चिन्ह पाहिले नाही. त्याला गठ्ठ्यांची गरज नाही. २४ किंवा २६ लिहिणाऱ्याची रीत बरोबर आहे, मोजणी घसरली आहे. तिघेही ‘चूक’ या एकाच रकान्यात जातात, परंतु तिघांना उद्या सकाळी द्यावयाचे काम वेगवेगळे आहे. चाळीस वह्या तपासताना दमलेल्या शिक्षकाच्या नजरेतून हे निसटते. यंत्राला दमणूक नसल्यामुळे ते ३५ लिहिणारी अकरा नावे एका ओळीत मांडू शकते.

त्याचप्रमाणे ६१८ भागिले ६ याचे उत्तर १३ आले, तर मुलाला मधल्या स्थानी शून्य मांडावयाचे राहिले आहे. १०३ ऐवजी १३ हे उत्तर सहाने गुणून पाहण्याची सवय लावली, तर ही चूक मुलाची मुलालाच सापडते. म्हणून पर्यायी प्रश्न तयार करताना चुकीचे पर्याय कसेही घालू नयेत. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाची एखादी खरी समजूत उभी असावी. असे प्रश्न पुण्याहून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. केंद्रातील शिक्षकांनी आपापल्या वर्गातील चुका वर्षभर टिपून ठेवल्या, तर शिक्षण परिषदेच्या एका बैठकीत शंभर प्रश्न सहज तयार होतील.

संख्यानामांचा पेच

मराठी संख्यानामे हा तर स्वतंत्रच विषय आहे. आपण लिहितो २१, म्हणजे आधी दोन आणि मग एक. म्हणतो मात्र ‘एकवीस’, म्हणजे आधी एक आणि मग वीस. त्यामुळे ऐकून लिहिताना मूल १२ लिहिते. त्यातच ‘एकोणसाठ’ सारखी नावे येतात. ती एक कमी साठ असे सांगतात, आणि मूल ‘साठ’ ऐकून ६९ किंवा ६१ लिहिते. जून २०१९ मध्ये दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन देण्यात आले, तेव्हा राज्यभर मोठी चर्चा झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण पुढे ठेवून, जुन्या नावांच्या जोडीने ही सोपी रीत दिल्याचे स्पष्ट केले होते. वाद भाषेच्या अस्मितेवर गेला आणि मुलांची अडचण बाजूला राहिली.

कुरुंदवाडच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तालुक्याची हद्द कर्नाटकाला लागून आहे आणि सीमेवरील अनेक घरांत कन्नड बोलली जाते. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग एक. घरी या क्रमाने मोजणारे मूल शाळेत उलट क्रम ऐकते. ते गोंधळले तर ते मंद आहे असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होय. ध्वनिमुद्रित संख्या ऐकावयाची व पडद्यावर किंवा पाटीवर अंकांत लिहावयाची, असा एक प्रश्न पहिली ते तिसरीच्या रोजच्या उजळणीत असावा. ही चूक कागदी चाचणीत क्वचितच दिसते, कारण तेथे संख्या छापलेलीच असते.

दहा मिनिटांची आखणी

उजळणीला किती वेळ द्यावा? दहा मिनिटे पुरेत. पंधरापेक्षा अधिक देऊ नयेत. परिपाठानंतरची पहिली दहा मिनिटे सर्वांत सोयीची. प्रश्न पाच किंवा सहाच असावेत, आणि ते एकाच घटकाचे नसावेत. कालच्या पाठावर दोन, गेल्या आठवड्यातील एक, गेल्या महिन्यातील एक आणि गेल्या इयत्तेतील एक, अशी सरमिसळ ठेवावी. सलग वीस बेरजा सोडवताना मुलाला विचारच करावा लागत नाही, कारण करावयाचे काय हे शीर्षकानेच सांगितलेले असते. सरमिसळीत प्रत्येक वेळी रीत निवडावी लागते. सुरुवातीला गुण कमी पडतात व शिक्षक नाउमेद होतात. तो काळ दोन-तीन आठवड्यांचा असतो, असे धरून चालावे.

उदाहरणादाखल, पावसाळ्यात पाचवीच्या वर्गाला घालता येईल असा एक दिवस पाहू. ‘एकोणसाठ’ ऐकून अंकांत लिहा. ५२ मधून २७ वजा करा. ६१८ ला ६ ने भागा. पाव किलो पेढे १२० रुपयांना मिळत असतील, तर दीड किलोचे किती रुपये? आणि शेवटचा प्रश्न : कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे, आज पाणी ३६ फूट ७ इंचांवर असेल, तर इशारा पातळीस किती कमी? उत्तर २ फूट ५ इंच. ज्याने २ फूट ३ इंच लिहिले त्याने एका फुटाचे दहा इंच धरले. हातच्याचा दहा हा नेहमी दहाच नसतो, हे त्या मुलाला त्या दिवशी कळेल. जुलै-ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावरची पातळी घरोघरी विचारली जाते, तेव्हा या प्रश्नाला कृत्रिमपणाचा स्पर्शही नाही. पेढ्यांच्या प्रश्नात जुनी दिडकी नव्या रूपाने आली आहे, हे जाणत्या वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

साधनांबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रत्येक मुलाच्या हाती टॅब आल्याशिवाय डिजिटल उजळणी होत नाही, असे नाही. वर्गात एक स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर प्रश्न पडद्यावर दाखवावा, मुलांनी उत्तर पाटीवर लिहावे आणि शिक्षकाने ‘दाखवा’ म्हणताच सर्वांनी पाट्या एकदम उंचावाव्यात. पाट्यांचे एक छायाचित्र घेतले की त्या दिवसाची नोंद झाली. प्लिकर्ससारख्या रीतीत प्रत्येक मुलाला सांकेतिक आकृती छापलेला एक पुठ्ठा दिलेला असतो. मूल तो ज्या बाजूने उभा धरील तो त्याचा पर्याय. शिक्षकाच्या एकाच मोबाईलचा कॅमेरा सर्व पुठ्ठे वाचून कोणी कोणता पर्याय निवडला हे नोंदवतो. खर्च पुठ्ठ्यांचा. यात आणखी एक सोय अशी की, शेजाऱ्याचे उत्तर मुलाला सहज कळत नाही आणि चुकणाऱ्याचे हसे होत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये मूल्यमापन सातत्यपूर्ण व मूल भयमुक्त असावे अशी अपेक्षा आहे. तिची पूर्तता अशा लहान गोष्टींतूनच होते.

घरच्या मोबाईलवर उजळणीचा मुख्य भार टाकणे मात्र इष्ट नाही. घरात मोबाईल एकच असतो, तो वडिलांबरोबर सकाळी इचलकरंजीच्या यंत्रमागावर किंवा उसाच्या फडात जातो आणि रात्री परततो तेव्हा मूल पेंगुळलेले असते. शिवाय मोबाईल हाती असणे म्हणजे अभ्यास होणे नव्हे. ‘असर’ २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरणारे सुमारे ७६ टक्के, तर अभ्यासासाठी वापरणारे सुमारे ५७ टक्के होते. ज्यांच्या घरी सोय आहे त्यांना सायंकाळी एखादा प्रश्न जरूर पाठवावा. पण त्यावर दुसऱ्या दिवशीचा पाठ अवलंबून ठेवू नये, अन्यथा ज्यांना सर्वाधिक गरज आहे तीच मुले मागे राहतील.

उजळणी संपली की शिक्षकाने काय करावयाचे, हा सर्वांत महत्त्वाचा भाग. मधल्या सुट्टीपर्यंत त्या दिवशीच्या चुकांवर एक नजर टाकावी व ज्या चार-सहा मुलांची एकच चूक आहे त्यांची नावे वहीत लिहावीत. दुसऱ्या दिवशी बाकीचा वर्ग सोडवण्यात गुंतलेला असताना त्या मुलांना जवळ घेऊन पाच मिनिटे द्यावीत आणि तोच प्रश्न वेगळ्या अंकांनी तिसऱ्या दिवशीच्या उजळणीत पुन्हा घालावा. ही साखळी तुटली की उरतो तो पडद्यावरचा खेळ. एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो तेथे हे रोज जमणार नाही; तेथे आठवड्यातून तीन दिवस उजळणी करावी, परंतु चुकांची वही सोडू नये.

प्रशासनाचे आणि पंचायतीचे काम

येथे पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे. रोजच्या उजळणीची टक्केवारी रोज तालुक्याला पाठवण्याची प्रथा पाडू नये. आकडा वर जाऊ लागला की तो चांगला दिसावा याची काळजी घेतली जाते, सोपे प्रश्न निवडले जातात, आणि ज्या चुका पाहण्यासाठी हा खटाटोप त्याच झाकल्या जातात. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत चुकांची वही पाहावी. ‘या सहा मुलांचे पुढे काय झाले?’ एवढे विचारले तरी पुरे. वर्षातून दोन-तीन वेळा स्वतंत्र चाचणी घेऊन प्रगती मोजता येते, त्यासाठी रोजची उजळणी वेठीस धरण्याचे कारण नाही.

नगरपरिषद, ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या वाट्याचे काम दिसावयास किरकोळ, पण निर्णायक आहे. लोकवर्गणीतून आलेला टीव्ही वीजबिल थकल्यामुळे बंद असतो, प्रोजेक्टरचा दिवा गेला की तो कपाटात जातो, इन्फर्टरची बॅटरी दुसऱ्या वर्षी दम सोडते. नव्या साधनाचे उद्घाटन करताना त्याच ठरावात पुढील पाच वर्षांच्या वीज व दुरुस्ती खर्चाची तरतूद लिहिली, तर ही वेळ येणार नाही. ॲप निवडतानाही दक्षता हवी. मुलाचे नाव, छायाचित्र व पालकाचा क्रमांक मागणारे मोफत ॲप क्वचितच खऱ्या अर्थाने मोफत असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार बालकांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याचे बंधन आहे. मुलांना नावाऐवजी हजेरी क्रमांक दिला तरी उजळणीचे काम अडत नाही.

आणि कुरुंदवाडसाठी पुराचे काय? पूरकाळात वीज आणि नेट या दोन्ही गोष्टी आधी जातात. म्हणून जून महिन्यातच जुलै-ऑगस्टचे प्रश्नसंच शिक्षकांच्या मोबाईलमध्ये उतरवून ठेवावेत, त्यांची छापील प्रत शाळेच्या दप्तराबरोबर उंच जागी हलवावी आणि पुठ्ठ्यांचा संच प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा. टीव्ही व टॅब वरच्या मजल्यावर नेण्याची जबाबदारी नावानिशी ठरवलेली असावी. निवारा केंद्रात मुले चार-आठ दिवस मोकळीच असतात आणि तेथे शिक्षकही कर्तव्यावर असतात. एक मोबाईल, पंचवीस पुठ्ठे आणि दहा मिनिटे एवढ्यावर तेथेही उजळणी चालू राहू शकते. पाणी उतरून शाळा भरेल, त्या पहिल्या दिवशी शिक्षकाच्या हाती चुकांची वही तयार असेल.